बॅट दणदणीत, पण उभं कुठे करायचं? पोझिशन नसलेला हिटर कसा जोखायचा

ऑक्टोबर आला की आमच्याकडे फिनिक्सच्या आसपास बेसबॉलची ॲरिझोना फॉल लीग सुरू होते. सहा टीम, मेजर लीगच्या (म्हणजे सगळ्यात वरच्या लीगच्या) तीसही क्लबांनी पाठवलेली तरुण पोरं, आणि स्टँड इतके मोकळे की तिकीट काढून सरळ होम प्लेटच्या मागे, रडार गन घेऊन बसलेल्या स्काउट लोकांच्या मागच्या रांगेत जागा मिळते. मी चँडलरला राहतो, नवरात्रापासून दिवाळीपर्यंत जमतील तेवढ्या मॅच बघतो, आणि सोबत बऱ्याचदा मंडळातली इकडे नवीन आलेली पोरं असतात. क्रिकेटवर वाढलेली पोरं, त्यामुळे बॅटिंग त्यांना पटकन कळते आणि दर वर्षी एक प्रश्न ठरलेला: "दादा, हा एवढा लांब मारतो, मग याला रँकिंगमध्ये इतका खाली का ठेवलाय?"

कारण तो फिल्डिंगला कुठे उभा राहणार हे कोणालाच माहीत नसतं. अशा पोराला जोखणं हे मला या खेळातलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मजेचं काम वाटतं, म्हणून मी ते ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने सांगतो.

आधी पोझिशनचा भाव समजून घ्या

गल्लीत खेळताना आपण काय करायचो, ज्याच्या हातातून कॅच सुटतात त्याला जिथे बॉल कमी जातो तिथे उभं करायचो. बेसबॉलमध्ये तशा जागा तीन. लेफ्ट फिल्ड (राइटला जरा चांगला थ्रो लागतो), फर्स्ट बेस, आणि सगळ्यात शेवटी डीएच, म्हणजे डेझिग्नेटेड हिटर, जो फिल्डिंग करतच नाही, पिचरच्या (आपल्या भाषेत बॉलरच्या) जागी फक्त बॅटिंग करतो. अमेरिकन लीगमध्ये डीएच १९७३ पासून आहे, नॅशनल लीगमध्ये कायमचा आला तो २०२२ मध्ये. आयपीएलचा इम्पॅक्ट प्लेअर आठवा, २०२३ मध्ये नियम आला आणि चेन्नईने आपल्या मुंबईच्या शिवम दुबेला बऱ्याचदा फक्त बॅटिंगपुरतं वापरलं, डीएच साधारण तसाच. पण इथे ती एकच जागा असते आणि सीझन १६२ मॅचचा असतो.

आता या जागांना भाव आहे, अगदी रनांमध्ये. फॅनग्राफ्स या आकडेवारीच्या साइटच्या हिशोबात पूर्ण सीझनला कॅचरला (आपला विकेटकीपर समजा) १२.५ रन जमा, शॉर्टस्टॉपला ७.५ जमा, सेकंड बेस, थर्ड बेस आणि सेंटर फिल्डला २.५ जमा. लेफ्ट आणि राइट फिल्डला ७.५ वजा, फर्स्ट बेसला १२.५ वजा आणि डीएचला १७.५ वजा. साधारण १० रन म्हणजे एक विजय, आणि ट्रिपल-एमधून (मेजर लीगच्या लगेच खालच्या पायरीवरून) कधीही उचलून आणता येईल अशा बदली खेळाडूच्या तुलनेत सरासरी खेळाडूला सीझनला २० च्या आसपास रन जमा धरतात.

हा हिशोब एकदा कागदावर करा, डोळे उघडतात. समजा एक पोरगा बॅटिंगमध्ये सरासरीपेक्षा २५ रनांनी चांगला आहे. डीएच म्हणून २५ वजा १७.५ अधिक २०, झाले २७.५. तोच पोरगा फर्स्ट बेसला सरासरी फिल्डर निघाला तर ३२.५. आणि लेफ्ट फिल्डमध्ये सरासरीपेक्षा ५ रनांनी वाईट असला तरी ३२.५च. म्हणजे लेफ्ट फिल्डमध्ये १० रनांचं नुकसान करणारा माणूस आणि डीएच यांची किंमत सारखीच, त्यामुळे "याची फिल्डिंग वाईट आहे" एवढं म्हणून थांबायचं नाही, किती रनांनी वाईट ते विचारायचं. आता उलटं बघा, बॅटिंग फक्त सरासरी असलेला डीएच म्हणजे २० वजा १७.५, उरले अडीच रन! ट्रिपल-एमधल्या त्या बदली खेळाडूइतकाच झाला की हा. शॉर्टस्टॉप सरासरी बॅटिंगवर दहा वर्षं निवांत खेळेल, या पोराला ती सवलत नाही. त्याची बॅट नुसती चांगली असून भागत नाही, खूप चांगली लागते, आणि म्हणून पुढचा सगळा वेळ मी आधी बॅटवर घालवतो.

बीपी बघा, पण भुलू नका

मॅचच्या आधी बॅटिंग प्रॅक्टिस असते, तिला सगळे बीपी म्हणतात. गेट उघडल्या उघडल्या जा. स्काउट लोक २० ते ८० च्या पट्टीवर मार्क देतात, ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी, ८० म्हणजे जगात मोजके. पॉवरला दोन मार्क असतात, एक कच्च्या ताकदीचा जो बीपीत दिसतो आणि दुसरा मॅचमध्ये खरोखर उतरणाऱ्या ताकदीचा, आणि या दोघांच्या मधल्या दरीत असंख्य करिअर गडप झालीत. इकडची हवा कोरडी, बॉल तसाही उडतो, त्यात प्रॅक्टिसचा बॉल सरळ आणि हळू, कोणीही भिंतीपलीकडे टाकेल. मी फक्त दोन गोष्टी बघतो: बॅटचा आवाज, आणि विरुद्ध बाजूला, म्हणजे लेफ्टी असेल तर लेफ्ट-सेंटरला, किती जोरात जातो. फक्त आपल्या बाजूला खेचूनच मारणारा पोरगा वाईट असतोच असं नाही, पण त्याला बाहेरचा बॉल टाकून बांधून ठेवणं पिचरला सोपं जातं.

मॅचमधल्या ताकदीसाठी आकडा बघायचा तर एक्झिट व्हेलॉसिटी, बॅटवरून बॉल किती वेगाने सुटला ते. ताशी ९५ मैलांच्या पुढे म्हणजे जोरदार फटका. एखादाच ११५ चा फटका बघून हुरळून जाऊ नका, त्याच्या सगळ्यात जोरदार दहा टक्के फटक्यांचा वेग कुठून सुरू होतो ते बघा, तो १०५ च्या पुढे असेल तर मी वहीत गोल करतो. ट्रिपल-एचा हा डेटा बेसबॉल सॅव्हंट या साइटवर फुकट मिळतो. कोन पण बघा, १०८ मैलांचा फटका सारखा जमिनीवरच जात असेल तर तो सेकंड बेसमनच्या हातातच संपतो.

खरी परीक्षा डोळ्यांची

इथे मला जरा थांबायचंय, कारण माझं सगळं मत या एका गोष्टीवर उभं आहे. पॉवरमुळे हा पोरगा दारापर्यंत येतो, दार उघडतं ते त्याच्या डोळ्यामुळे. कुठला बॉल सोडायचा हे ज्याला कळतं त्याला पोझिशन नसली तरी टीम जागा करून देते, आणि ज्याला कळत नाही त्याला मेजर लीगचे पिचर दोन महिन्यांत ओळखतात, स्ट्राइक झोनच्या (बॉल जिथून गेला तर स्ट्राइक धरतात त्या चौकटीच्या) बाहेर वाकणारा स्लायडर टाकत राहतात आणि होमरन आटतात.

काइल श्वार्बर हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. इंडियाना युनिव्हर्सिटीचा कॅचर, २०१४ च्या ड्राफ्टमध्ये (क्लब नवी पोरं आळीपाळीने निवडतात त्यात) शिकागो कब्जने चौथ्या नंबरवर घेतला, तेव्हापासूनच हा कॅचर म्हणून टिकणार नाही अशी शंका होती. बॅट इतकी तयार होती की एका वर्षात वर आला, २०१५ मध्ये ६९ मॅचमध्ये १६ होमरन, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये मेट्सविरुद्ध लेफ्ट फिल्डमध्ये त्याचे हाल पण सगळ्यांनी बघितले. मग एप्रिल २०१६, इथेच फिनिक्समध्ये, लेफ्ट फिल्डमधून धावताना सेंटर फिल्डर डेक्स्टर फाउलरवर आदळला, गुडघ्याचे दोन लिगामेंट फाटले, सीझन संपला म्हणाले सगळे. ऑक्टोबरमध्ये तो परत इकडे आला, मेसा सोलर सॉक्सकडून फॉल लीगच्या दोन मॅच खेळला आणि थेट वर्ल्ड सिरीजला, म्हणजे मेजर लीगच्या फायनलला गेला! सहा महिने मेजर लीगची मॅच न खेळलेला माणूस, १७ मध्ये ७ हिट, म्हणजे बॅटिंग ॲव्हरेज ०.४१२.

त्यातलं शिकण्यासारखं नीट बघा. क्लीव्हलँडला डीएच होता म्हणून तो सुरुवातीपासून खेळला. शिकागोतल्या तीन मॅचला तेव्हा नॅशनल लीगचा नियम, डीएच नाही, डॉक्टरांनी फिल्डिंगला परवानगी दिली नव्हती, म्हणून टीममधला सगळ्यात तापलेला बॅट्समन एकदा बदली म्हणून बॅटिंगला आला तेवढं सोडून बाकावर बसून राहिला. पोझिशन नसण्याची किंमत इतकी उघडी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

पुढे काय झालं ते डोळ्याचं महत्त्व सांगतं. २०१७ मध्ये ०.१७१ वर असताना त्याला मायनरला (मेजरच्या खालच्या लीगला) पाठवलं, २०२० च्या डिसेंबरमध्ये कब्जने पुढचा करार न देता सोडून दिलं. २०२३ मध्ये फिलाडेल्फियाकडून त्याची सरासरी होती ०.१९७ आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन आउट) २१५, नुसतं एवढंच वाचलं तर वाटेल याला घरी पाठवा. पण त्याच सीझनला ४७ होमरन आणि १२६ वॉक (झोनबाहेरचे चार बॉल सोडून फुकट मिळालेला फर्स्ट बेस), म्हणजे दर तीन वेळेला एकदा तरी तो बेसवर होताच. २०२५ मध्ये ५६ होमरन मारून नॅशनल लीगमध्ये पहिला आला, जवळजवळ पूर्ण सीझन डीएच म्हणून. म्हणून नवीन लोकांना माझं सांगणं, बॅटिंग ॲव्हरेज बघून या पोरांना कधीही जोखू नका.

मग बघायचं काय? मेजर लीगमध्ये हल्ली साधारण २२-२३ टक्के वेळा स्ट्राइकआउट आणि ८-९ टक्के वेळा वॉक होतो. पॉवर हिटरला मी मायनरमध्ये २६-२७ टक्क्यांपर्यंत स्ट्राइकआउट माफ करतो, पण वॉक १२ च्या पुढे असेल तरच. आणि स्ट्राइकआउट कसा होतोय ते मैदानात बघा. झोनच्या बाहेरच्या बॉलवर बॅट फिरवून आउट होतोय की झोनमधल्या बॉलवरच चुकतोय? पहिला आजार सुधारतो, निदान काहींचा सुधारतो. दुसरा मी फारसा सुधारलेला पाहिला नाही. झोनमधल्या बॉलवर मेजर लीगची सरासरी ८० टक्क्यांच्या वर बॅट लावते, हा पोरगा डबल-एमध्येच (ट्रिपल-एच्या खालच्या पायरीवरच) ७० च्या जवळ असेल तर मी बीपी कितीही भारी असली तरी वही मिटतो.

मॅच बघताना एक युक्ती करा, दोन इनिंग फक्त त्याच्या सोडलेल्या बॉलची नोंद ठेवा. मारलेला बॉल सगळे बघतात. सोडताना त्याचं डोकं बॉलच्या मागे ग्लोव्हपर्यंत जातंय का, बॅट अर्धी येऊन थांबतेय का, ०-२ वर (दोन स्ट्राइक झालेल्या असताना) बाहेर वाकणारा बॉल शांतपणे सोडला की नशिबाने वाचला, आणि वर छातीजवळच्या ९७ मैलांच्या बॉलवर काय करतो. चार वेळा बॅटिंगला आला की १५-२० बॉल बघायला मिळतात, दोन मॅचमध्ये अंदाज यायला लागतो.

आकडे कुठल्या मैदानातले, कुठल्या वयातले

हे थोडक्यात. एजे रीड नावाचा डावखुरा फर्स्ट बेसमन होता, २०१४ चा कॉलेजचा सगळ्यात मोठा पुरस्कार गोल्डन स्पाइक्स त्याला मिळाला, ह्यूस्टनने घेतला, २०१५ मध्ये ३४ होमरन मारून सगळ्या मायनर लीगमध्ये पहिला. पण त्यातले बरेच लँकॅस्टरला, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातलं वाऱ्याचं मैदान, जिथे बॉल उडण्यासाठीच प्रसिद्ध. मेजर लीगमध्ये त्याचे एकूण होमरन झाले ४. तसंच ट्रिपल-एत अल्बुकर्की, रीनो, लास वेगास इथले आकडे फुगलेले असतात. कॉलेजवाला असेल तर तिकडे धातूची बॅट चालते हे लक्षात ठेवा, उन्हाळ्यात केप कॉड लीगला लाकडी बॅटने काय केलं ते शोधा. आणि वय: डबल-एमध्ये पोरं साधारण २३-२४ ची असतात, तिथे २१ वर्षांचा पोरगा बरा खेळत असेल तर तो २५ वर्षांच्या भारी खेळणाऱ्यापेक्षा मला जास्त आवडतो.

डावखुऱ्या हिटरचं अजून एक, डावऱ्या पिचरविरुद्ध वेगळे आकडे काढा. तिथे पार कोसळत असेल तर पोझिशन नसलेला हा माणूस अर्धवेळ कामगार झाला, आणि वरचा सगळा हिशोब अजून खाली येतो.

आता पाय आणि खांदा

बॅट पास झाली तरच इथे या. शरीर बघून निकाल देऊ नका, ही चूक मी स्वतः केली आहे, जाडजूड पोरगा दिसला की वहीत डीएच लिहून मोकळा व्हायचो. जोई गॅलो बघा, सव्वासहा फुटांच्याही वरचा धिप्पाड माणूस, ड्राफ्ट झाला थर्ड बेसमन म्हणून, आउटफिल्डला गेला आणि २०२० आणि २०२१ मध्ये राइट फिल्डचा गोल्ड ग्लोव्ह, म्हणजे उत्तम फिल्डिंगचा पुरस्कार घेतला. हायस्कूलात पिचिंग करायचा, खांदा तोफेसारखा, आणि पाय दिसतात त्यापेक्षा हलके.

पायांसाठी फोनचं स्टॉपवॉच पुरतं. बॅटला बॉल लागल्यापासून फर्स्ट बेसला पाय पडेपर्यंत मोजा. उजव्या हाताने बॅटिंग करणारा सरासरी ४.३ सेकंद, डावखुरा ४.२. ४.६ च्या पुढे असेल तर आउटफिल्ड जवळजवळ विसरा. पण जीव तोडून धावतोय तेव्हाच मोजा, सोप्या ग्राउंडरवर (जमिनीवरून गेलेल्या फटक्यावर) बरेच जण जॉगिंग करतात.

लेफ्ट फिल्डमध्ये उभा असेल तर बॉल बघायचं सोडा (हे सगळ्यात अवघड आहे, आपल्याला लहानपणापासून बॉल बघायची सवय), नजर त्याच्यावर ठेवा आणि बॅटचा आवाज आल्यावर पहिलं पाऊल कधी आणि कुठल्या दिशेला पडतं ते बघा. पहिलं पाऊल बरोबर पडणारा हळू माणूस चालून जातो. डोक्यावरून जाणाऱ्या बॉलला जो आधी पुढे येतो आणि मग वळून पळतो, तो मात्र १० रनांच्या त्या हिशोबाच्याही खाली जाईल.

फर्स्ट बेसला लोक समजतात काहीच काम नाही. शॉर्टस्टॉपचा थ्रो मातीत पडून उसळतो तेव्हा हा ग्लोव्ह बॉलखाली नेतो की तोंड वळवतो, बेसवरचा पाय न बघता सापडतो का, सेकंड बेसला थ्रो मारायची वेळ आली की घाबरतो का. मॅचच्या आधीच्या इनफिल्ड प्रॅक्टिसमध्ये हे दहा मिनिटांत कळतं आणि तेव्हा बघायला कोणी नसतं.

कॅचरचा प्रश्न वेगळा. तिथे बॅट चांगली आणि कॅचिंग कच्ची असेल तर क्लबपुढे पेच पडतो, तीन वर्षं थांबून कॅचर बनवायचा की बॅटसाठी आजच हलवायचा. ब्राइस हार्परला २०१० मध्ये ड्राफ्टच्या दिवसापासूनच आउटफिल्डर केलं, बॅटची वाट अडू नये म्हणून, आणि मला ते आजही बरोबर वाटतं. उलट टोकाला स्पेन्सर टॉर्केलसन, २०२० चा पहिला नंबर, कॉलेजला इथेच ॲरिझोना स्टेटला फर्स्ट बेस खेळायचा, डेट्रॉइटने नाव पुकारलं ते थर्ड बेसमन म्हणून! तो मेजर लीगला पोचेपर्यंत फर्स्ट बेसवर परत आला होता. तेव्हा ड्राफ्टच्या दिवशी नावापुढे जे लिहिलंय त्यावर फार जाऊ नका, मॅचला कुठे किती दिवस उभा केला ते मोजा. एखाद्या पोराला एका सीझनमध्ये तीन जागी फिरवत असतील तर क्लबला तो बॅटिंगसाठी हवाय आणि दार शोधणं चालू आहे, ही माझ्या मते चांगली खूण आहे.

टीममध्ये जागा आहे का

मेजर लीगच्या २६ जणांत पिचर जास्तीत जास्त १३. उरले १३ हिटर, त्यातले ९ खेळतात, बाकावर ४, त्यातला एक दुसरा कॅचर. म्हणजे हाताशी तीन माणसं. आता डीएचची जागा एकाच माणसाने कायमची अडवली तर थकलेल्या स्टार खेळाडूला अर्धा दिवस विश्रांती द्यायची सोयच जाते, म्हणून मॅनेजर लोक फक्त-डीएच माणसाला नाखूश असतात, आणि आठवड्यातून दोन दिवस फर्स्ट बेस सांभाळणारा त्यांना हवा असतो. क्लबकडे आधीच कोण आहे, त्याचा करार किती वर्षं आहे ते बघा. अडकलेल्या पोराचा ट्रेड होऊ शकतो आणि तिथे नशीब फिरतं. योर्दान अल्वारेझला डॉजर्सनी २०१६ मध्ये क्यूबातून आल्यावर घेतलं आणि एकही मॅच खेळायच्या आत ह्यूस्टनला दिलं, बदल्यात घेतला एक रिलीफ पिचर. २०१९ मध्ये तो ८७ मॅचमध्ये २७ होमरन मारून एकमताने अमेरिकन लीगचा वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला, बहुतेक मॅच डीएच म्हणून.

शेवटी लिहून काढा

घरी आलात की त्याच रात्री लिहा, दुसऱ्या दिवशी फक्त होमरन आठवतात. माझ्या वहीत एका पोराला अर्धं पान असतं. वर तारीख, मैदान, वारा. मग मॅचमधली पॉवर किती मार्क, डोळा किती, झोनमध्ये चुकतो का. मग फर्स्टपर्यंतचा वेळ. मग तीन ओळी: सगळं जमलं तर काय (उदाहरणार्थ, सरासरी लेफ्ट फिल्डर, ३० होमरन), बहुतेक काय होईल (आठवड्यात चार दिवस डीएच, दोन दिवस फर्स्ट), आणि बॅट थोडी कमी पडली तर काय. ही तिसरी ओळ लिहायला जीवावर येतं कारण पोरगा आवडलेला असतो, पण शॉर्टस्टॉपच्या तिसऱ्या ओळीत "बाकावरचा उपयोगी माणूस" लिहिता येतं आणि याच्या तिसऱ्या ओळीत बहुतेक वेळा ट्रिपल-ए लिहावं लागतं. दोन पोरांची बॅट सारखी वाटली तर या ओळीवरून मी कोणाला वर ठेवायचं ते ठरवतो.

मग मार्चमध्ये तेच पान घेऊन परत जा. स्प्रिंग ट्रेनिंगच्या वेळी मुख्य स्टेडियमच्या मागे सरावाची मैदानं असतात, सकाळी नऊ-साडेनऊला मायनर लीगची पोरं तिथे असतात, जाळीपासून दहा फुटांवर उभं राहून बघता येतं. टोपी आणि पाणी न्या, तोवर उन्हाचा चटका लागायला लागलेला असतो. आणि आधी तो कुठल्या मैदानावर ग्राउंडर घेतोय ते बघा, ऑक्टोबरमध्ये लेफ्ट फिल्डला असलेला पोरगा फर्स्ट बेसमनचा मोठा ग्लोव्ह घालून उभा दिसला तर हिवाळ्यात क्लबने काहीतरी ठरवलंय, वरच्या तीन ओळी खोडून नव्याने लिहा.